रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर नेताना: पहिल्या काही ट्रॅक डेची तयारी

रोज कामावर नेण्याची गाडी बंदिस्त ट्रॅकवर न्यायची आणि ठरवून दिलेल्या सत्रांमध्ये आपल्या कुवतीप्रमाणे वेगाने चालवायची, याला ट्रॅक डे म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक काढले जात नाहीत, ओव्हरटेक कोठे व कसे करायचे याचे नियम शर्यतीपेक्षा कितीतरी कडक असतात आणि अनेक आयोजक लॅपची, म्हणजे एका फेरीची, वेळ मोजण्यासही मनाई करतात. समोरून वाहन येण्याची धास्ती नाही, मध्येच कोणी आडवे जात नाही, आणि अंदाज चुकला तर बहुतेक वळणांवर बाहेरच्या बाजूला मोकळी जागा असते. त्यामुळे आपली गाडी क्षमतेच्या टोकाजवळ कशी वागते हे शिकण्यासाठी याहून योग्य जागा मिळणार नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात बहुधा एकच शंका असते: माझी गाडी पुरेशी वेगवान आहे का? पहिल्या काही ट्रॅक डेनंतर माझे मत असे झाले की हा प्रश्नच गैरलागू आहे. साध्या गाडीची ताकद ट्रॅकवर कमी पडत नाही. तिला कमी पडते ती उष्णता सोसण्याची क्षमता. ब्रेक, टायर, इंजिन ऑईल, गिअरबॉक्स आणि शेवटी चालवणाऱ्याचे डोके, हे सारे रस्त्यावर कधी तापत नाही इतके येथे तापते. तयारी काय करावी, सत्र कसे चालवावे आणि केव्हा थांबावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

नाव नोंदवण्यापूर्वी

आयोजकाचे नियमपत्रक पूर्ण वाचावे. त्यात आवाजाची मर्यादा, हेल्मेटचा दर्जा, गाडीची तपासणी, ट्रॅकवर घेता येणारे सहप्रवासी आणि नुकसानभरपाईची जबाबदारी यांचा उल्लेख असतो. ट्रॅकचे कुंपण किंवा रेलिंग मोडल्यास त्याचा खर्च कोणावर येतो, हे सही करण्यापूर्वी समजून घेतलेले बरे. त्याचप्रमाणे आपली विमा पॉलिसी काढून अपवादांचे कलम नीट पाहावे. रस्त्यासाठी घेतलेल्या बहुतेक पॉलिसींत ट्रॅकवरील नुकसान वगळलेले असते. काही ठिकाणी एका दिवसापुरता स्वतंत्र विमा मिळतो. तो न मिळाल्यास साधा निकष लावावा: ही गाडी उद्या नाहीशी झाली तर आपला संसार अडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती गाडी नेऊ नये.

नोंदणी करताना नवशिक्यांचा गटच निवडावा. वर्षानुवर्षे महामार्गावर गाडी चालवली असली तरी त्या अनुभवाचा येथे फारसा उपयोग होत नाही. उलट अंगवळणी पडलेल्या काही सवयी मोडाव्या लागतात. प्रशिक्षक शेजारी बसणार असेल तर त्यासाठी जादा शुल्क द्यावे लागले तरी ते द्यावे. गाडीवर केलेल्या कोणत्याही खर्चापेक्षा या खर्चाचा उपयोग अधिक होतो.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. जर्मनीतील न्युरबुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ हा सुमारे २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक पर्यटकांसाठी खुला असतो, तेव्हा तो कायद्याने टोल भरून जाण्याचा एकेरी रस्ता मानला जातो आणि तेथे रहदारीचे नियम लागू होतात. तेथे कोणताही गट नसतो, अनुभवी आणि अननुभवी सारे एकत्र असतात. त्याला ट्रॅक डे समजून पहिला अनुभव तेथे घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

सर्वांत आधी ब्रेक

गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत पाठ केलेले सूत्र ट्रॅकवर पहिल्या सत्रातच प्रत्ययाला येते. ताशी ६० किलोमीटरवरून गाडी पूर्ण थांबवताना जितकी उष्णता ब्रेकमध्ये तयार होते, त्याच्या सुमारे पावणेपाच पट उष्णता १५० वरून ७५ वर येताना तयार होते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो. ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी येतो आणि पुढचे वळण येईपर्यंत डिस्कला, म्हणजे ब्रेक पॅड जिला दाबून चाक थांबवतात त्या चकतीला, थंड व्हायला पुरेसा वेळ मिळत नाही.

म्हणून गाडीत फक्त एकच काम करून घ्यायचे असेल तर ब्रेक ऑईल बदलून घ्यावे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रकारांतील ब्रेक ऑईल हळूहळू हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मानकाप्रमाणे डॉट ४ ऑईल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, साधारण ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर मात्र हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ व १४० आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० व १८०. दोन-तीन वर्षे न बदललेले ऑईल रोजच्या वापरात काही तक्रार न देता चालते, परंतु ट्रॅकवर ते उकळण्याची शक्यता मोठी असते. ऑईल उकळले की नळ्यांमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर ब्रेकपर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. ट्रॅक डेपूर्वी चांगल्या प्रतीचे डॉट ४ भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतून हवा काढून घ्यावी. नावात साम्य असले तरी डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑईल आहे आणि ते इतर प्रकारांत मिसळत नाही. मेकॅनिकला प्रकार स्पष्ट सांगावा आणि डबा स्वतः पाहावा.

पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत. पॅड जितका पातळ, तितकी डिस्कची उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागातून, ऑईलपर्यंत लवकर पोहोचते. नवे पॅड बसवले असतील तर ते आधीच्या आठवड्यात रस्त्यावर, मध्यम वेगावरून अनेकदा ब्रेक लावून व मध्ये थंड होऊ देऊन, डिस्कवर नीट बसवून घ्यावेत; कोरे पॅड घेऊन थेट ट्रॅकवर उतरू नये. डिस्कवर भेगा आहेत का, तिच्या कडेला झिजून जाड कंगोरा तयार झाला आहे का, हेही चाक उतरवून पाहावे.

ब्रेक दमण्याचे दोन प्रकार असतात आणि ते पायाला वेगवेगळे जाणवतात. पहिल्या प्रकारात पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, परंतु कितीही दाबले तरी गाडी हवी तशी आवरत नाही. येथे पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेले असतात आणि बहुधा जळका, तिखट वासही येतो. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ, स्पंजासारखे होते आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक खाली जाते. येथे ऑईल उकळू लागलेले असते. दुसरा प्रकार अधिक धोकादायक आहे, कारण पेडल जमिनीला टेकायला एखाद-दुसरीच फेरी पुरते. दोन्हींवर पहिला उपाय सारखाच: त्याच क्षणी वेग कमी करावा, मागच्यांना वाट द्यावी, ब्रेक जवळजवळ न वापरता उरलेली फेरी पूर्ण करावी आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागी, यावे. पेडल अगदी खाली गेलेच तर ते भरभर दोन-तीनदा दाबल्यास थोडा दाब परत मिळतो. पॅड थंड झाले की पूर्ववत काम करू लागतात, पण उकळलेले ऑईल गार झाल्यावर पेडल घट्ट लागले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. हवा काढून ताजे ऑईल भरेपर्यंत ती गाडी त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर नेऊ नये.

टायर आणि हवा

ट्रॅक डेसाठी मुद्दाम कोरे टायर घालण्याची गरज नाही. नव्या टायरच्या नक्षीचे ठोकळे उंच असतात, ते वळणावर वाकतात, तापतात आणि कधी त्यांचे तुकडे निघतात. अर्धे झिजलेले, सारख्या जातीचे आणि निकोप टायर उत्तम. मात्र झीज दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या पट्टीजवळ आलेले टायर नेल्यास घरी परतण्याइतकी नक्षी उरणार नाही. टायरच्या भिंतीवरील चार आकडी खूण पाहावी. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते. भिंतीवर फुगवटा किंवा चीर दिसल्यास तो टायर बाद समजावा.

हवेचा दाब हा विषय वरवर क्षुल्लक वाटतो, पण गाडीच्या वागण्यात सर्वाधिक फरक येथेच पडतो. थंड असताना ३२ पीएसआय भरलेला टायर काही जोरदार फेऱ्यांनंतर ४० च्या आसपास सहज पोहोचतो, कारण आतील हवाही तापते. दाब इतका वाढला की टायर मध्यभागी फुगतो आणि पकड कमी होते. म्हणून ट्रॅकवर दाब गरम असताना मोजतात. पिटमध्ये आल्याबरोबर, टायर गार होण्यापूर्वी, चारही चाके मोजावीत आणि वाढलेली हवा थोडी थोडी सोडावी. हवा किती सोडावी हे टायर स्वतःच सांगतो. सत्रापूर्वी टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तेथे, आडव्या दिशेने पांढऱ्या खडूची रेघ काढावी. सत्रानंतर ही रेघ भिंतीवर बरीच खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर वळणावर लोळतो आहे, म्हणजे दाब कमी आहे. नक्षीच्या कडेपर्यंतही पुसली गेली नसेल तर दाब जास्त आहे. अनेक टायरच्या खांद्यावर लहान त्रिकोणी खूण असते. रेघ त्या खुणेपाशी संपली की दाब ठीक आहे असे मानावे. पुढच्या चाकांवर इंजिन चालणाऱ्या गाड्यांत पुढचे टायर मागच्यांपेक्षा खूपच अधिक तापतात, त्यामुळे पुढे व मागे एकाच अंदाजाने हवा सोडू नये. दिवस संपल्यावर परतीच्या प्रवासापूर्वी हवा पुन्हा कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत भरावी लागते, यासाठी लहान पंप सोबत असावा.

चाकांचे नट टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत आणि दिवसभरात चाके थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत. अंगातल्या जोराच्या अंदाजाने आवळलेला नट ही ट्रॅकवर चालणारी गोष्ट नाही.

बाकीची गाडी

इंजिन ऑईल काठीवरील वरच्या खुणेजवळ असावे, त्यावर नको. लांब वळणात ऑईल एका बाजूला सरकते आणि पातळी कमी असल्यास पंपाला क्षणभर ऑईल मिळत नाही. कूलंटची पातळी, रेडिएटरचे होज आणि बॅटरीची पकड पाहावी. इंधन रस्त्यापेक्षा दुप्पट ते तिप्पट लागते असे धरून चालावे, आणि टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये. तसे झाल्यास वळणात इंधन सरकून इंजिन अडखळते. ऑटोमॅटिक गाड्यांत, विशेषतः सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, असल्यास, गिअरबॉक्सचे ऑईल ब्रेकच्याही आधी तापू शकते. तशी सूचना डॅशबोर्डवर आली तर सत्र तेथेच संपले असे समजावे.

गाडीतून सुटे असलेले सर्व काही बाहेर काढावे: स्टेपनी, जॅक, डिकीतील पिशव्या, दाराच्या कप्प्यातील नाणी आणि मोबाइलचा स्टँड. चालकाच्या पायाखालची मॅट आणि सीटखाली घरंगळलेली पाण्याची बाटली यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ब्रेकच्या पेडलमागे अडकलेली बाटली कोणत्याही यांत्रिक बिघाडाइतकीच घातक ठरते. गाडी ओढण्याचा हुक कोठे बसतो हे आधी पाहून तो हाताशी ठेवावा.

हेल्मेट आणि बैठक

मोटारसायकलचे आणि गाडीचे हेल्मेट यांत फरक आहे. हेल्मेटची चाचणी करणाऱ्या स्नेल संस्थेच्या एसए वर्गातील हेल्मेट गाडीसाठी असते आणि त्याची आगीस टिकण्याची चाचणी होते. एम वर्गातील मोटारसायकलच्या हेल्मेटची ती होत नाही. काही आयोजक नवशिक्याला मोटारसायकलचे हेल्मेट चालवून घेतात, काही घेत नाहीत, नियमपत्रकात पाहावे. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, कारण कृत्रिम धाग्याचे कापड आगीत वितळून कातडीला चिकटते. बुटांचा तळ पातळ असावा. जाड तळाच्या बुटांतून ब्रेकची जाण येत नाही.

बैठकीकडे मात्र आपण फारच थोडे लक्ष देतो. पाठ सीटला पूर्ण टेकवून मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हेल्मेट घालून छताला डोके लागत नाही ना, हे घरीच पाहावे. स्टेअरिंगवर हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत. वळणात स्वतःला सावरण्यासाठी स्टेअरिंगला लोंबकळणारा माणूस टायर काय सांगत आहेत ते ऐकू शकत नाही, म्हणून डावा पाय मोकळा असेल तेव्हा तो बाजूच्या पायटेकीवर रोवून शरीर स्थिर धरावे. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरताना तिला सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवावे. ते बंद करण्यात नवशिक्यासाठी शिकण्यासारखे काही नाही. उलट स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा कोणत्या वळणावर लुकलुकतो हे लक्षात ठेवल्यास आपण कोठे घाई करतो ते कळते.

झेंडे

सकाळच्या बैठकीला उशीर करू नये. झेंड्यांचा अर्थ तेथे सांगतात आणि तपशिलात आयोजकागणिक फरक असतो. सर्वसाधारणपणे पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक करू नका. लाल म्हणजे सत्र थांबवले आहे, आरसे पाहून सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. पिवळ्यावर लाल उभे पट्टे असतील तर पुढे रस्ता निसरडा आहे. काळा झेंडा आपल्याकडे दाखवला गेला तर पिटमध्ये बोलावले आहे. का, ते तेथे गेल्यावर कळते. चौकटींचा झेंडा म्हणजे सत्र संपले.

अर्थ पाठ असणे वेगळे आणि झेंडा दिसणे वेगळे. माझ्या शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने पहिल्या दोन फेऱ्यांत मला वेगाविषयी एक शब्दही सांगितला नाही. प्रत्येक मार्शलची, म्हणजे झेंडे दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याची, चौकी दिसली की मोठ्याने ‘दिसली’ म्हणायचे, एवढेच काम दिले. तिसऱ्या फेरीपर्यंत लक्षात आले की दोन चौक्या मी पाहतच नव्हतो, कारण तेथे माझी नजर बॉनेटच्या थोडी पुढे, डांबरावर खिळलेली असे. हा सराव प्रत्येकाने करावा. झेंड्यांसाठी नजर वर उचलली की वळण आधी दिसू लागते, आणि वळण आधी दिसले की हाताची घाई आपोआप कमी होते.

पहिले सत्र

पहिल्या सत्रात वेग विसरावा आणि वाट शिकावी. प्रत्येक वळणाचे तीन बिंदू असतात: जेथे स्टेअरिंग फिरवायला सुरुवात करायची तो, जेथे गाडी आतल्या कडेला सर्वांत जवळ येते तो अपेक्स, आणि जेथे ती बाहेरच्या कडेला पोहोचते तो. नवशिक्याची स्वाभाविक ओढ लवकर वळण्याकडे असते, त्यामुळे अपेक्सही लवकर येतो आणि बाहेर पडताना रस्ता अपुरा पडतो. म्हणून सुरुवातीला स्टेअरिंग थोडे उशिरा फिरवावे आणि अपेक्स वळणाच्या मध्याच्या पुढे घ्यावा. परीक्षा सोपी आहे: अपेक्सनंतर स्टेअरिंग आणखी वळवावे लागले, तर आपण लवकर वळलो. स्टेअरिंग हळूहळू सरळ करत ॲक्सिलरेटर वाढवता आला, तर वाट बरोबर आहे.

ब्रेक सरळ रेषेत, वळण सुरू होण्यापूर्वी लावून संपवावा. बाजूला अंतराचे फलक असतील तर त्यांतील एक फलक खूण म्हणून निवडावा आणि पहिल्यांदा अनावश्यक वाटेल इतक्या आधी ब्रेक लावावा. पुढे पुढे ही खूण वळणाकडे सरकवता येते. पेडलवर लाथ मारू नये. पहिल्या क्षणी गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येऊ द्यावे, मग ठामपणे दाबावे आणि शेवटी हळुवार सोडावे. भीतीपोटी मध्ये मध्ये ब्रेकवर पाय टेकवत राहिल्यास डिस्कला वारा लागून थंड होण्याचा मोकळा वेळ मिळत नाही.

उष्णतेचा हिशेब येथे पुन्हा कामी येतो. सरळ पट्ट्याच्या शेवटी १५० ऐवजी १३५ वरच ॲक्सिलरेटर सोडला आणि वळणात पूर्वीप्रमाणे ७५ ने शिरलो, तर ब्रेकवरील उष्णतेचा भार जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतो. त्या शेवटच्या पंधरा किलोमीटरच्या वेगातून शिकायला काहीच मिळत नाही, मात्र तो सोडून दिल्यास सत्राच्या अखेरपर्यंत ब्रेक शाबूत राहतात. वळणात वेगाचे गणित याहून निष्ठुर आहे. ८० ने बसणाऱ्या वळणात ८८ ने शिरल्यास टायरकडून २१ टक्के अधिक पकड मागितली जाते, आणि ती शिल्लक नसेल तर पुढची चाके बाहेर घसरू लागतात. अशा वेळी स्टेअरिंग आणखी फिरवण्याचा मोह होतो, परंतु त्याने टायर अधिकच घासतो. ॲक्सिलरेटर थोडा कमी करून, स्टेअरिंग किंचित सैल करून चाकांना पुन्हा पकड घेऊ द्यावी. ॲक्सिलरेटर एकदम सोडणे हेही धोक्याचे आहे, कारण वजन अचानक पुढे जाऊन मागची बाजू हलकी होते आणि गाडी फिरते.

गिअर फार बदलू नयेत. बहुतेक वळणांना तिसरा पुरतो. घाईत पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडल्यास चाकेच इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवतात आणि त्यापुढे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटरही काही करू शकत नाही.

ओव्हरटेकच्या बाबतीत नवशिक्यांच्या गटात पुढचा चालक हाताने किंवा इंडिकेटरने खूण करतो आणि मगच मागचा पुढे जातो, तेही ठरलेल्या सरळ पट्ट्यावर. वाट देताना आपली रेषा सोडू नये, फक्त ॲक्सिलरेटर थोडा उचलावा, म्हणजे मागची गाडी पट्टा संपण्यापूर्वी निघून जाते. वाट देण्यात कमीपणा मानणारे लोक दिसतात; मागच्या गाडीकडे पाहत चार वळणे घेतल्यावर त्यांची स्वतःची वाट बिघडते, एवढेच त्यातून हाती लागते.

गाडी रस्ता सोडते तेव्हा

दोन चाके डांबराबाहेर गेली तर ती झटक्याने आत आणू नयेत. आतली चाके पकड घेतात आणि गाडी ट्रॅक ओलांडून दुसऱ्या बाजूला फेकली जाते. स्टेअरिंग सरळ धरावे, वेग उतरू द्यावा आणि मग सावकाश आत यावे. गाडी फिरूच लागली आणि सावरत नाही असे कळले, तर क्लच व ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरावेत; त्यामुळे गाडी एका अंदाज येण्याजोग्या दिशेने घसरत थांबते आणि मागच्यांना ती चुकवता येते. थांबल्यावर मार्शलच्या खुणेशिवाय हलू नये, आणि आगीचा धोका नसेल तर गाडीतून उतरू नये. नंतर थेट पिटमध्ये जाऊन रेडिएटरमध्ये गवत, डिस्कच्या पत्र्यामागे खडा, टायरच्या कडेत माती अडकली आहे का ते पाहावे.

सत्र संपताना

शेवटची फेरी सावकाश, शक्य तितके ब्रेक न लावता पूर्ण करावी. धावत्या गाडीचा वारा हाच डिस्क थंड करण्याचा सर्वांत चांगला उपाय आहे. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये आणि ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून उभे राहू नये. तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी दाबले गेले तर तेथे डाग पडतो आणि नंतर ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरते. गाडी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’मध्ये, उभी करून चाकापुढे व मागे ठोकळा ठेवावा. टर्बो इंजिन असेल तर ते लगेच बंद न करता एखादे मिनिट मंद चालू द्यावे. मग टायरचा दाब मोजावा, खडूची रेघ पाहावी, आणि हे आकडे हवामानासह वहीत लिहावेत.

माणसाचेही तेच आहे. सत्र पंधरा-वीस मिनिटांचेच असते, पण हेल्मेटमध्ये घाम येतो, लक्ष सतत ताणलेले राहते आणि थकवा आल्याचे स्वतःला उशिरा कळते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. एकाच फेरीत दोन ठिकाणी ब्रेकची खूण चुकली, किंवा नुकत्याच गेलेल्या वळणाचे काहीच आठवत नाही असे झाले, तर सत्र अर्धवट सोडून आत यावे. दिवसाचे शेवटचे सत्र मी बहुधा सोडतो. टायर झिजलेले, ब्रेक दमलेले आणि आपण सरावलेले असतो. या तिन्हींचा मेळ चांगला नसतो, आणि त्याच गाडीने घरीही जायचे असते.

परत आल्यावर

निघण्यापूर्वी हवा भरावी, नट पुन्हा तपासावेत, काढलेली स्टेपनी व जॅक जागेवर ठेवावा आणि बाहेर पडण्याआधी मोकळ्या जागेत ब्रेकचे पेडल दाबून पाहावे. महामार्गावरचे पहिले काही किलोमीटर जाणीवपूर्वक हळू चालवावेत, कारण दिवसभर वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना शंभरचा वेग साठचा वाटतो. पुढच्या दोन-चार दिवसांत चाके उतरवून पॅडची उरलेली जाडी मोजावी, डिस्क पाहावी आणि पेडलमध्ये थोडाही मऊपणा असेल तर ऑईल बदलावे. पुढचे टायर बाहेरच्या खांद्यावर अधिक झिजलेले दिसतील. रस्त्याच्या गाडीच्या चाकांना आतल्या बाजूचा कल कमी दिलेला असतो, म्हणून असे होते. गाडीत सोय असेल तर अलाइनमेंट करताना हा कल थोडा वाढवून घेता येतो, अन्यथा पुढचे-मागचे टायर अदलाबदल करावेत.

पुढच्या खेपेसाठी गाडीवर खर्च करायचाच असेल तर क्रम असा ठेवावा: अधिक उत्कलनबिंदूचे ब्रेक ऑईल, मग अधिक तापमान सोसणारे पॅड, मग टायर. इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार यानंतर बराच काळ करू नये. ट्रॅकसाठीचे पॅड घेताना एवढे पाहावे की त्यांतील अनेक थंड असताना नीट पकडत नाहीत, करकरतात आणि डिस्क लवकर खातात. असे पॅड ट्रॅकवर पोहोचल्यावर बसवून निघताना पुन्हा रोजचे पॅड लावणे हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी जॅक, स्टँड व पुरेसा वेळ सोबत असावा लागतो. रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींवर बरे काम करणारे मधल्या दर्जाचे पॅड मिळतात. नवशिक्याने तेच घ्यावेत.